'इथे माणसं राहतात' हे विधान तपासायचं कसं?

तुमच्यापैकी काही जण सध्या पेटची तयारी करत असतील. काही जण पेट पार करून सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर अडकले असतील. विषय ठरलेला असतो, पण त्यातला प्रश्न कुठला हे सांगता येत नाही. गाईड विचारतात, "म्हणजे नक्की काय तपासणार आहेस?" आणि आपण पुन्हा विषयच सांगतो. ही गाठ सोडवायला आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि एक व्हिडिओ घेऊ.

बॅड बनी हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा हा गायक. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या 'एल आपागोन' या गाण्याचा व्हिडिओ आला. आपागोन म्हणजे वीज जाणं. हा व्हिडिओ सुमारे २३ मिनिटांचा आहे, कारण गाण्याला स्वतंत्र पत्रकार बियांका ग्राउलाऊ यांचा एक माहितीपट जोडलेला आहे. त्याचं नाव 'आकी विवे हेन्ते', म्हणजे 'इथे माणसं राहतात'. चक्रीवादळातून सावरणाऱ्या बेटावर बाहेरचे गुंतवणूकदार येतात, घरं आणि इमारती विकत घेतात, त्या पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देतात आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंना बाहेर पडावं लागतं, हे त्याचं मुख्य सूत्र.

मी मूळची संख्याशास्त्राची. त्यामुळे असं काही बघताना डोक्यात एकच प्रश्न फिरत राहतो : हे विधान खोटं ठरवायचं असेल तर काय दिसायला हवं? या प्रश्नाला धरून हा माहितीपट तपासू. मला तो आवडला हे आधीच सांगून टाकते. पण आवडणं आणि पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संशोधनात त्यांची सरमिसळ महागात पडते.

आधी बेट समजून घेऊ

पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण अमेरिकेचं राज्य नाही. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी बेटावर राहत असताना त्यांना अध्यक्षपदासाठी मतदान करता येत नाही. बेटाच्या रहिवाशाला बेटावरच मिळालेल्या उत्पन्नावर सहसा अमेरिकेचा केंद्रीय आयकर लागत नाही. ही तरतूद जुनी आहे. २०१२ साली बेटाच्या सरकारने तिच्यावर दोन नवे कायदे बसवले, क्रमांक २० आणि क्रमांक २२. कायदा २२ चा मथितार्थ असा : तुम्ही बाहेरून इथे राहायला आलात, तर स्थलांतरानंतरच्या भांडवली नफ्यावर, लाभांशावर आणि व्याजावर इथलाही कर जवळपास शून्य. २०१९ मध्ये हे दोन्ही कायदे कायदा ६० मध्ये विलीन झाले. एक अट नीट लक्षात ठेवा : ही सवलत बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. आधीपासून तिथेच राहणाऱ्या माणसाला ती मिळत नाही.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ बेटाच्या आग्नेय टोकाला धडकलं आणि बेट आडवं कापून गेलं. दोनच आठवडे आधी इर्मा बेटाच्या उत्तरेकडून गेलं होतं. सगळं बेट अंधारात गेलं आणि शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचायला जवळपास ११ महिने लागले. त्याआधीपासून सरकारवर ७० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज होतं आणि २०१६ च्या एका केंद्रीय कायद्याने बेटाचे आर्थिक निर्णय एका नियंत्रण मंडळाच्या हाती गेले होते. डिसेंबर २०१७ च्या अमेरिकी करकायद्याने मागास भागांत गुंतवणूक करणाऱ्यांना सवलत दिली आणि त्या यादीत जवळजवळ अख्खं बेट आलं. जानेवारी २०२० मध्ये नैर्ऋत्य भागात ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. मग कोविड. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, हा व्हिडिओ प्रसिद्ध झाला आणि दोनच दिवसांत फिओना वादळाने बेटाची वीज पुन्हा घालवली.

ही यादी मुद्दाम दिली आहे. एका बेटावर दहा वर्षांत इतक्या गोष्टी घडल्या असतील, तर घरभाडं कशामुळे वाढलं हे सांगणं किती अवघड आहे याचा अंदाज तुम्हाला आत्ताच यायला हवा.

माहितीपट काय नीट करतो

सगळ्यात आधी, तो प्रश्न योग्य जागी विचारतो. गुंतवणुकीवरच्या लिखाणात एकक असतं 'प्रॉपर्टी'. ती कितीला घेतली, किती रात्री भरली, किती टक्के परतावा आला. ग्राउलाऊ एकक बदलतात. सान हुआनमधल्या पुएर्ता दे तिएरा वस्तीत त्या जातात आणि इमारत विकली गेल्यावर आतल्या माणसांचं काय झालं हे त्या माणसांनाच विचारतात. तुम्हाला हे साधं वाटेल. पण प्रबंध लिहिताना एकक कोणतं घ्यायचं हा निर्णय पहिल्या महिन्यात होतो आणि पुढची चार वर्षं आपण त्याची फळं भोगतो. इमारत हे एकक घेतलं तर 'जीर्ण इमारतीची दुरुस्ती झाली' ही यशोगाथा ठरते. कुटुंब हे एकक घेतलं तर त्याच घटनेची नोंद 'विस्थापन' अशी होते. घटना एक, डेटाच्या ओळी दोन.

दुसरं, तो यंत्रणा दाखवतो. कायदा काय म्हणतो, त्याचा लाभ कोण घेतं, इमारत हातोहात कशी जाते, भाडेकरूला नोटीस कशी येते, हे टप्पे एकामागून एक दिसतात. आपल्याकडच्या अनेक सिनॉप्सिसमध्ये 'अमुकचा तमुकवर परिणाम' एवढंच असतं, मधली साखळी गायब. माहितीपट निदान साखळी मांडतो. मांडलेली साखळी तपासता येते.

तिसरं, तो स्पॅनिशमध्ये आहे, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याशी आधी बोलतो. बाहेरच्याला समजावणं हे त्याचं दुय्यम काम आहे. अभ्यासविषय झालेल्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत किती प्रबंध लिहिले जातात, याचा विचार तुम्हीच करा.

कुठे घसरतो

आता तक्रार. माहितीपटात तीन धागे एकाच दोरात वळले आहेत : करसवलत घेऊन आलेले श्रीमंत, रात्रीच्या भाड्याची घरं आणि वीज वितरणाचं खासगीकरण. २०२१ च्या जूनमध्ये वीज वाहून नेण्याचं आणि वाटण्याचं काम लुमा या खासगी कंपनीकडे गेलं आणि तेव्हापासून वीज जाण्यावरून लोकांचा संताप आहे. समुद्रकिनाऱ्यांपर्यंत पोहोचण्याच्या हक्काचा प्रश्नही मध्ये येतो. प्रेक्षकाला हे सगळं एकाच रोगाची लक्षणं वाटतात. भावना म्हणून हे समजतं. ज्या घरात रात्री वीज नाही त्याच घराचं भाडं वाढतंय, तर तिथला माणूस दोन रकाने करून का रागावेल?

पण तपासणाऱ्याला रकाने करावेच लागतात. कायदा ६० मध्ये सवलत घेणाऱ्याने दोन वर्षांच्या आत बेटावर स्वतःसाठी घर विकत घ्यावं अशी अट आहे. म्हणजे या कायद्याचा थेट दाब पडतो तो राहण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, बहुतेक महागड्या घरांवर. दोरादोसारखी श्रीमंत किनारी ठिकाणं आठवा. रात्रीच्या भाड्याच्या घरांचा दाब पडतो तो पर्यटक फिरतात त्या जुन्या, मध्यम आणि गरीब वस्त्यांवर. घर घेणारा माणूस कधी तोच असतो, कधी नसतो. सवलत न घेताही कोणीही अमेरिकी नागरिक तिथे फ्लॅट घेऊन तो भाड्याने लावू शकतो. बेटावरचा स्थानिक डॉक्टरसुद्धा तेच करू शकतो आणि करतोही. मग उद्या कायदा ६० रद्द झाला, तर पुएर्ता दे तिएरातलं भाडं कमी होईल का? या प्रश्नाला माहितीपटात उत्तर नाही, कारण त्याने दोन कारणं वेगळी केलेलीच नाहीत.

यातून नुसता तर्कदोष होत नाही. उपाय चुकतो. कारण करकायदा असेल तर उपाय विधिमंडळात आहे. कारण रात्रीचं भाडं असेल तर उपाय परवाने, मर्यादा आणि नगरपालिकेच्या नियमांत आहे. लोकांनी आपली सगळी ताकद चुकीच्या दाराशी लावली तर ती वाया जाते, आणि ताकद गोळा होण्याची वेळ पुन्हा लवकर येत नाही.

माणसं कमी झाली, मग घरं महाग का?

आता एक कोडं. २०१० च्या जनगणनेत पोर्तो रिकोची लोकसंख्या ३७,२५,७८९ होती. २०२० मध्ये ती ३२,८५,८७४ भरली. दहा वर्षांत ११.८ टक्के घट. बारावीच्या अर्थशास्त्रातलं मागणी-पुरवठ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. साडेचार लाखांच्या आसपास माणसं कमी झाली, घरं तितकीच राहिली, तर घरं स्वस्त व्हायला हवीत. मग लोक भाडं परवडत नाही असं का म्हणतात?

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि वहीत तीन संभाव्य उत्तरं लिहा. खरंच लिहा.

माझी तीन अशी. पहिलं, सरासरी फसवते. डोंगराळ भागातली गावं रिकामी होत असताना किनाऱ्यावरच्या काही वस्त्यांत मागणी वाढू शकते. बेटाचा एकच आकडा घेतलात तर दोन उलट्या गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून विश्लेषण वस्तीच्या पातळीवर हवं.

दुसरं, घर असणं आणि राहण्याजोगं घर असणं यांत फरक आहे. छप्पर उडालेलं घर जनगणनेत घरच असतं, पण पुरवठ्यात नसतं.

तिसरं कारण तुम्हाला परकं वाटणार नाही. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईत, ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी आहे. पोर्तो रिकोतही हजारो घरं अशीच तोंडी वाटणीवर, वारशाने, कागदाशिवाय चालत आली आहेत. मारियानंतर केंद्रीय आपत्ती संस्था फेमाने घरदुरुस्तीची मदत देताना मालकीचा पुरावा मागितला आणि पुरावा नाही म्हणून हजारोंचे अर्ज फेटाळले गेले. फेमाने हे नियम सैल केले आणि इतर पुरावे, स्वयंघोषणा स्वीकारायला देशभर सुरुवात केली, ती २०२१ मध्ये. मधली चार वर्षं गेली ती गेली.

गुंतवणुकीच्या भाषेत या घराला 'स्वस्त' म्हणतात. तो स्वस्तपणा आला कुठून? मालकाकडे दुरुस्तीला पैसे नव्हते, विमा नव्हता, मदतीचा अर्ज नामंजूर झाला होता आणि मुलगी फ्लोरिडात 'इकडेच या' म्हणत होती. खरेदीची किंमत हा बाजाराचा आकडा दिसतो, पण त्यात एका सरकारी कचेरीतला नकार मिसळलेला आहे. संशोधक म्हणून किंमत हा चल वापरताना तो कशाकशाने बनलाय हे विचारायची सवय लावून घ्या. माहितीपटाने हा धागा ताणून धरायला हवा होता. वादळाचा आणि विक्रीचा खरा सांधा इथे आहे.

अभ्यास काय सांगतात

बेटावरच्या 'सेंटर फॉर अ न्यू इकॉनॉमी' या संस्थेने २०१४ ते २०२० या काळातल्या रात्रीच्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी बेटाची सरासरी न घेता लहान लहान जनगणना विभाग घेतले. जिथे अशा घरांची घनता वाढली तिथे भाडी आणि घरांच्या किमतीही जास्त वाढलेल्या दिसल्या. माहितीपटातल्या माणसांचा अनुभव हा अपवाद नाही, एवढं यातून ठामपणे म्हणता येतं.

पण संबंध आहे म्हणजे कारण सापडलं असं नाही. एखाद्या वस्तीत छान कॅफे उघडले, रस्ते सुधारले, तर तिथे पर्यटकही येतील आणि स्थानिकांनाही तिथेच राहावंसं वाटेल. भाडं वाढेल, एअरबीएनबीही वाढेल, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचं कारण नसेल. ही अडचण सोडवण्याचा एक सुंदर नमुना तुम्ही वाचायलाच हवा : काइल बॅरन, एडवर्ड कुंग आणि डेव्हिडे प्रोसेर्पियो यांचा अमेरिकेतल्या पिनकोड विभागांवरचा शोधनिबंध, 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात २०२१ साली आलेला.

त्यांनी काय केलं? एअरबीएनबीची जाहिरात-संख्या थेट वापरायची नाही, तर तिच्यात बदल घडवणारं पण भाड्याशी थेट संबंध नसलेलं काहीतरी शोधायचं. याला इन्स्ट्रुमेंट म्हणतात. लोक गूगलवर 'एअरबीएनबी' हा शब्द किती शोधतात, हे त्यांनी घेतलं. तो आकडा कुठल्या एका गल्लीतल्या कॅफेमुळे बदलत नाही. मग त्याला गुणलं त्या विभागात २०१० साली खाण्यापिण्याची आणि राहण्याची किती आस्थापनं होती याने, म्हणजे तो भाग आधीपासूनच किती पर्यटनाचा होता याने. सगळीकडची लाट, आणि ती कुठे जास्त भिडेल याचं जुनं माप. यातून आलेलं उत्तर : जाहिराती १ टक्क्याने वाढल्या तर भाडं ०.०१८ टक्क्यांनी आणि घराची किंमत ०.०२६ टक्क्यांनी वाढते.

इतकंच? असं वाटलं ना? जाहिराती दुप्पट झाल्या तरी या हिशेबाने भाडं साधारण सव्वा टक्का वाढतं. मग आकांत कसला?

इथे दोन गोष्टी बघा. एक, नव्या बाजारात संख्या दुप्पट होऊन थांबत नाही, ती अनेक पटींनी वाढते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, हा आकडा घरमालक स्वतः राहतात त्यांचं प्रमाण मध्यम असलेल्या विभागाचा आहे. जिथे मालक स्वतः राहण्याचं प्रमाण कमी, म्हणजे जिथे बाहेरच्या मालकांची घरं जास्त, तिथे परिणाम मोठा होतो असंही त्याच निबंधात आहे. कारण उघड आहे. स्वतःच्या घरातली मागची खोली पाहुण्याला देणारी आजी शहरातलं एकही घर कमी करत नाही. अख्खा फ्लॅट महिन्याच्या भाड्यावरून रात्रीच्या भाड्यावर नेणारा मालक एक घर कमी करतो. दोघंही एकाच अॅपवर, एकाच रंगाच्या ठिपक्याने दिसतात. तुमच्या डेटात हे दोन ठिपके वेगळे करता आले नाहीत, तर तुमचा निष्कर्ष आजीवरही अन्याय करेल आणि भाडेकरूवरही. माहितीपटाला हा फरक जाणवतो, पण तो त्याचं नाव घेऊन मांडत नाही.

मोठ्या देशाचा हा आकडा उचलून बेटावर चिकटवू नका, हेही सांगायला हवं. बेटाला उपनगर नसतं. पुण्यात भाडं परवडेना तर माणूस चाकणला, उरुळीला सरकतो. बेटावर सरकत सरकत गेलं की समुद्र लागतो, आणि पुढचा पर्याय विमानाचं एकेरी तिकीट.

जे गेले ते कुठल्या रकान्यात?

इथे मला या विषयातली सगळ्यात अवघड जागा दाखवायची आहे. त्यासाठी थोडं बाजूला, मारियाच्या मृत्यूंच्या आकड्याकडे जाऊ.

सरकारचा सुरुवातीचा आकडा ६४ होता. मे २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांचं सर्वेक्षण करून ४,६४५ हा अंदाज मांडला, पण त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ७९३ ते ८,४९८ इतकी रुंद होती. वर्तमानपत्रांनी मधला आकडा छापला आणि मर्यादा बहुतेकांनी वाचलीच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २,९७५ हा अंदाज दिला आणि सरकारने तो अधिकृत मानला.

या तिसऱ्या गटाने केलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वादळानंतर काही महिन्यांतच बेटाची सुमारे ८ टक्के लोकसंख्या बाहेर गेली होती. लोकसंख्या तितकीच आहे असं धरलं तर 'नेहमीइतके' मृत्यू किती व्हायला हवेत हा आकडा फुगतो आणि जादा मृत्यू कमी दिसतात. त्यांनी छेद बदलला, गेलेल्यांना वजा केलं, आणि मग उरलेल्यांत किती जास्त माणसं दगावली ते दिसलं.

आता भाड्याकडे परत या. भाडं उत्पन्नाच्या किती टक्के, हे आपण कोणाकडून मोजतो? जे राहिले त्यांच्याकडून. ज्यांना परवडलं नाही ते ओरलँडोला किंवा न्यूयॉर्कला गेले, त्यांची ओळ आपल्या तक्त्यात नाही. गरीब माणसं निघून गेली की वस्तीचं सरासरी उत्पन्न वाढतं आणि भाड्याचा बोजा कागदावर हलका होतो. म्हणजे विस्थापन जितकं पूर्ण, तितका डेटा निरोगी. सर्वेक्षण कितीही काटेकोर करा, ही खोट आत राहते. ती भरायची तर गेलेल्यांच्या मागे जावं लागतं, पत्ते शोधावे लागतात, विचारावं लागतं. ग्राउलाऊ निघून जाण्याच्या आधीच्या क्षणी माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवतात. पद्धत म्हणून ते अपुरं आहे, पण ती ओळ पुसली जायच्या आधी नोंदली गेली, आणि पुष्कळ तक्त्यांत ती कधीच नोंदली जात नाही.

आणि गुंतवणूकदाराचा तक्ता?

न्याय दोन्हीकडे हवा. 'वादळानंतरच्या बेटावर भाड्याचं घर घ्या' असं सांगणाऱ्या मांडणीतही हीच खोट आहे, फक्त उलट बाजूने. समजा दीड लाख डॉलरचा फ्लॅट आहे, रात्रीचं भाडं १२० डॉलर, आणि वर्षातल्या ७० टक्के रात्री भरतात. आकडे माझ्या मनाचे, हिशेब समजावा म्हणून. वर्षाचे ३०,६६० डॉलर, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त परतावा. वा!

पण ७० टक्के हा आकडा कुठून आला? आत्ता चालू असलेल्या घरांच्या सरासरीतून. जी घरं चालली नाहीत ती अॅपवरून उतरली, त्यांची सरासरी कोणी काढत नाही. ५० टक्केच धरा, २१,९०० उरतात. त्यातून सफाई, व्यवस्थापन, विमा, वीज जाते म्हणून बॅटरी किंवा जनरेटर, पाण्याची टाकी यांचे समजा १२,००० वजा करा. उरले ९,९००, म्हणजे ६.६ टक्के. पुढच्या वादळात चार महिने वीज नसेल तर त्या वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा गेला. शिवाय वादळानंतर लगेच मदतकार्याला येणारे कंत्राटदार आणि विमा तपासनीस यांच्यामुळे भाडी उसळतात. ती मागणी काही महिन्यांची असते, तिच्यावर दहा वर्षांची रेघ ओढायची नसते.

बाहेरून येणाऱ्या पैशाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. पडक्या इमारती दुरुस्त होतात, पर्यटनातून रोजगार मिळतो, दिवाळखोर सरकारकडे स्वतः बांधायला पैसे नसतात. हे मुद्दे खोटे नाहीत. पण ते विधानं आहेत आणि विधानांना पुरावा लागतो : दुरुस्त झालेल्या घरात आता कोण राहतं, रोजगार कुणाला आणि किती पगाराचा मिळाला. माहितीपटाने हा पक्ष जवळजवळ ऐकूच दिलेला नाही, आणि त्यामुळे त्याचाच तोटा झाला. समोरच्याचा सर्वात मजबूत मुद्दा मांडून मग खोडलात तर तुमचा प्रबंध व्हायवात टिकतो.

शेवटी, मत

मतप्रदर्शन म्हणून हा माहितीपट उत्तम आहे, कारणमीमांसा म्हणून कच्चा आहे, आणि प्रश्न निर्माण करणारी सामग्री म्हणून मी वाचलेल्या अनेक प्रस्तावांपेक्षा सरस आहे. २०१२ चा कायदा, २०१७ चं वादळ आणि २०२० नंतर सगळ्या अमेरिकेत झालेली घरांची भाववाढ यांना तो एका श्वासात म्हणतो, तिथे तो सैल पडतो. बेटाची लोकसंख्या वादळाच्या दहा-बारा वर्षं आधीपासूनच उतरत होती, हे सांगितलं असतं तर वादळाचा वाटा किती हे जास्त स्पष्ट झालं असतं.

तुमच्यासाठी काम. व्हिडिओ बघा, उपशीर्षकं लावून. मग 'आपत्तीनंतरच्या गुंतवणुकीचा स्थानिकांवर परिणाम' हे शीर्षक न लिहिता एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ : मारियापूर्वी पर्यटनाचं प्रमाण सारखंच असलेल्या दोन वस्त्यांपैकी, जिथे वादळाने जास्त घरं मोडली तिथे, पुढच्या तीन वर्षांत महिन्याच्या भाड्यावरून रात्रीच्या भाड्यावर गेलेली घरं जास्त आहेत का? बघा, यात एकक आहे, तुलना आहे, काळ आहे, आणि उत्तर 'नाही' येण्याची शक्यताही आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर असा प्रश्न विचारता येईल का, याचा विचार करा. पण उत्तर आधी ठरवून जाऊ नका. तिथला करकायदा वेगळा, जमिनीचा कायदा वेगळा, आणि मागे समुद्र असला तरी पुढे पनवेल आहे.

प्रश्न लिहून झाला की त्याच्याखाली एक ओळ सोडा आणि लिहा : 'या अभ्यासात कोण दिसणार नाही?' त्या ओळीचं उत्तर लिहिता आलं नाही, तर सिनॉप्सिस अजून गाईडकडे देऊ नका.